वाट राखणारी टोळी

डोंगरातली पायवाट एकदा पडली की ती कायमची झाली, अशी आपली शहरवासीयांची समजूत असते. वस्तुतः वाट सतत झिजत असते, आणि तिचा मुख्य शत्रू म्हणजे पाणी. पावसाळ्यात गडावर जाताना वाटेचाच ओहोळ झालेला आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. माणसांच्या पायांनी वाट खोलगट होते, पाणी त्यात शिरते आणि माती घेऊन जाते. मग चालणारे शेजारून जाऊ लागतात आणि एका वाटेच्या चार वाटा होतात.

हे राखणीचे काम कोण व कसे करते, हे पाहावयाचे तर कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वताचे उदाहरण घेण्याजोगे आहे. अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३३ साली, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांचे एक दल उभारले. महिना तीस डॉलर पगार, त्यातले सुमारे पंचवीस घरी धाडावयाचे. १९४२ पर्यंत ते चालले. त्याच धर्तीवर १९७६ साली कॅलिफोर्निया राज्याने स्वतःचे दल काढले. भरपूर कष्ट, तुटपुंजा पगार आणि हाल, अशा अर्थाचे त्याचे घोषवाक्य आहे. भरतीची जाहिरात म्हणून हे विचित्र खरे, पण त्यात फसवणूक तरी नाही!

या दलाच्या काही टोळ्या उन्हाळ्यात महिनेच्या महिने मोटाररस्त्यापासून दूर, तंबूंत राहतात. शिधा खेचरांच्या पाठीवरून येतो. १९६४ च्या कायद्याने राखलेल्या अरण्यात यांत्रिक करवत सहसा चालवता येत नाही. म्हणून पहार, कुदळ, फावडे, घण आणि दोघांनी दोन टोकांना धरावयाची लांब करवत, हीच अवजारे.

या करवतीचे वर्म समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येकाने फक्त ओढावयाचे, ढकलावयाचे नाही. आपली ओढ संपली की हात सैल सोडावयाचा. ज्याच्या अंगात जोर अधिक, त्यालाच हे जड जाते. तो परतीच्या वेळीही रेटतो, मग पाते वाकते, अडकते, आणि समोरच्याचे श्रम दुप्पट होतात. शिवाय दोन टोकांवर टेकलेले झाड वरून कापू लागले, तर काप वरच्या अंगाने मिटतो आणि करवत चावून धरतो. म्हणून वेळीच पाचर ठोकावी लागते. कोठे ताण आहे, कोठे दाब आहे, हे दोघांनी आधी झाडाभोवती फिरून ठरवावयाचे असते. आपल्या अनेक समित्यांचे काम का अडते, याचा उलगडा मला या करवतीने जितका झाला, तितका कोणत्याही अहवालाने झालेला नाही.

धोंडा हलवितानाही तेच. चारपाच पहारी एका धोंड्याखाली गेल्या की बोलणारा एकच हवा. एकाने घाई केली तर बोट दुसऱ्याचे चिरडते. चालताना एकमेकांत अंतर ठेवावयाचे आणि अवजार उताराकडच्या हातात धरावयाचे, म्हणजे तोल गेलाच तर ते खाली फेकून देता येते. काम करणाऱ्याच्या जवळून जाताना आधी हाक द्यावयाची आणि त्याचा होकार आल्यावरच पुढे पाऊल टाकावयाचे. टोळीतल्या सर्वांचे एकमेकांवर प्रेम असेलच असे नाही. पण हाकेला ओ द्यावी लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? बहुधा एका तिरप्या दगडी ओळीसाठी. चढाच्या वाटेत मोठे धोंडे तिरपे, निम्म्याहून अधिक जमिनीत पुरून बसवितात. वरून आलेले पाणी त्यांना अडून वाटेबाहेर उताराला लागते. धोंडा उभा राहून हलला, तर काढून पुन्हा खणावयाचे. अशा एका ओळीत टोळीचा सबंध दिवस सहज जातो, आणि नंतर वाटसरू ती पायरी समजून ओलांडून जातो. हिवाळ्यात तिच्यामागे माती आणि झाडांची पाने साचतात. तो गाळ काढला नाही तर पाणी धोंड्यांवरून पुन्हा वाटेतच उतरते. म्हणून बर्फ वितळले की टोळीचे पहिले काम म्हणजे फावडे घेऊन एकेका ओळीमागचा गाळ उपसणे.