पाच शतांश मिलिमीटरची फट

शंभर सीसीच्या स्प्लेंडरचे टॅपेट बसवताना रॉकरवरचा स्क्रू आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यामध्ये जी फट ठेवायची असते ती ०.०५ मिलिमीटरची. एका मिलिमीटरचे वीस भाग करा आणि त्यातला एक उचला. इंदूरच्या छोट्या ग्वालटोलीत दिवसभर दुचाक्या उघडून बसलेले मिस्त्री ही फट फिलर गेजच्या पत्तीने मोजतात. काही जण तेही करत नाहीत. बोटांनी रॉकर हलवून पाहतात, कान लावतात आणि पाना फिरवतात. त्या कानांबद्दल मला आदर आहे. पण आकडे पाहिले की कानावर किती सोपवायचे, हा प्रश्न पडतो.

ताशी ५० किलोमीटरला टॉप गिअरमध्ये अशा गाडीचे इंजिन मिनिटाला साधारण ५,००० फेरे घेते असे धरू. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे ४२ वेळा उघडतो आणि मिटतो. किलोमीटरला ३,०००. इंदूरहून महाकालाच्या दर्शनाला उज्जैनला निघालात, तर ५५ किलोमीटरांत एकेक व्हॉल्व्ह दीड लाखाहून जास्त वेळा आपल्या सीटवर आपटलेला असतो. इंदूरजवळच्या पीथमपूरमधल्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. त्याच्या एका फेरीत ही संख्या ३४ हजारांच्या घरात जाते. रोज तीस किलोमीटर चालणारी गाडी पाच-सहा वर्षांत ५० हजार किलोमीटर ओलांडते, तेव्हा हिशेब पंधरा कोटींवर पोचलेला असतो. माणसाच्या हृदयाला इतक्या ठोक्यांसाठी चार वर्षे लागतात. इंजिनाचे हे काम हजार तासांत, म्हणजे न थांबता चालवले तर ४२ दिवसांत उरकते. आणि हा हिशेब मोकळ्या रस्त्याचा आहे. इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीचे किलोमीटरमागचे फेरे याहून पुष्कळ जास्त.

झीज किती होते, तो हिशेब याहून चक्रावणारा आहे. पन्नास हजार किलोमीटरांत रॉकरचा कॅमवर टेकणारा चेहरा ०.०५ मिलिमीटर झिजला असे समजा. त्याने फट वाढते आणि वरून टकटक ऐकू येऊ लागते. हे पाच शतांश पंधरा कोटींत वाटले तर एका उघडझापीच्या वाट्याला लोखंडाच्या एका अणूच्या जाडीचा साडेसातशेवा भाग येतो. उलट्या बाजूने सांगायचे तर एक अणू जाडीचा थर जायला साडेसातशे उघडझापी लागतात. तेवढ्यात गाडी पाव किलोमीटर गेलेली असते. मालकाच्या लेखी ‘इंजिन आवाज करायला लागलं’ ही घटना एका सकाळची. धातूच्या लेखी ती गेली पाच वर्षे घडत होती.

अर्थात हा सरासरीचा खेळ. खरी झीज अशी समजूतदारपणे वाटून येत नाही. कॅमचा परीघ आठ सेंटीमीटर धरला तर किलोमीटरमागे तो रॉकरखालून २४० मीटर सरकतो, ५० हजार किलोमीटरांत १२ हजार किलोमीटर. या दोन पोलादी पृष्ठांमध्ये तेलाचा जो थर असतो तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. इंजिनात जेमतेम लिटरभर तेल, आणि हेड तेलाच्या पंपापासून सगळ्यांत लांब असल्यामुळे सकाळी किक मारल्यावर तेल तिथे पोचते सगळ्यांत शेवटी. तेल कमी झाले की कॅमची कडक कातडी आधी टवके सोडते आणि मग पाच वर्षांची झीज पाच दिवसांत होते.

इंदुरात एक अख्खी पिढी या कटकटीपासून मुक्त होती. पीथमपूरलाच बनणारी किनेटिक होंडा टू-स्ट्रोक होती. तिला ना टॅपेट, ना कॅम. टू-स्ट्रोकचा धूर प्रदूषणाच्या कडक नियमांपुढे टिकला नाही. फोर-स्ट्रोक घरोघरी आल्या आणि त्यांच्याबरोबर हे पाच शतांशही आले.

इतकी बारीक फट ठेवायचीच कशाला? व्हॉल्व्ह तापला की लांब होतो. पोलादाचा ७० मिलिमीटरचा दांडा ३०० अंशांनी तापला तर तो पाव मिलिमीटरने वाढतो, म्हणजे फटीच्या पाचपट. अॅल्युमिनियमचे हेडही फुगते, दांड्याची बरीचशी वाढ पोटात घेते, आणि उरलासुरला फरक सांभाळायला ही फट लागते. ती शून्य झाली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे डोके सातशे अंशांच्या आसपास तापते आणि त्यातली जवळजवळ पाऊण उष्णता सीटवर टेकलेल्या अवघ्या एक मिलिमीटर रुंदीच्या कड्यातून हेडमध्ये उतरते. टेकायलाच मिळाले नाही, तर ती जाणार कुठे? शिवाय स्फोटाच्या क्षणी त्या दोन सेंटीमीटरच्या चकतीवर दीडशे किलोंचा दाब असतो. फटीतून निसटणारा जाळ कड कापत जातो, आणि व्हॉल्व्ह ‘जळतो’ म्हणतात तो असा.

पुष्कळांची इथे उलटी समजूत असते. फट वाढली की आवाज होतो, मालक घाबरतो, गाडी मिस्त्रीकडे जाते. सीट झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये आत रुतला की फट कमी होते आणि इंजिन गोड, शांत चालू लागते. मालक खूश. काही महिन्यांनी सकाळी किक हलकी लागते, आयडलिंग डगमगते, पिकअप जातो. ‘आवाज नको’ म्हणून गिऱ्हाईक हटून बसते आणि मिस्त्री टॅपेट आवळून देतो, हा तर व्हॉल्व्ह जाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय. थोडी टिकटिक ऐकू यावी, हे माझे ठाम मत.

गेजही फसवतो. टॅपेट स्क्रूच्या टोकाला दहा शतांशांचा खळगा पडला असेल तर सपाट पत्ती त्यावरून पूल बांधून जाते. गेज ०.०५ दाखवतो, खरी फट ०.१५ असते. पुन्हापुन्हा सेटिंग करूनही आवाज जात नसेल तर स्क्रू काढून त्याचे टोक पाहावे. कॅमचे नाक झिजले असेल तर त्याची खबरही गेजला लागत नाही, कारण फट मोजतात ती कॅमच्या गोल पाठीवर. नाक बसलेले असले तरी सेटिंग बरोबर, फक्त व्हॉल्व्ह कमी उघडतो. त्यासाठी कॅम बाहेर काढून त्याची उंची मायक्रोमीटरने मोजावी लागते. आणि टायमिंग चेन? तिच्या ऐंशीच्या घरातल्या कड्यांची प्रत्येक पिन नुसती एक शतांश झिजली तरी चेन पाऊण मिलिमीटरहून जास्त लांबते. तिच्या खडखडीला टॅपेट समजून पाना उचलणारे खूप.

सेटिंग थंड इंजिनावर करायचे. होंडाच्या पुस्तिका ३५ अंशांच्या खाली असे बजावतात. मे महिन्यातल्या इंदुरी दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तीन दिवस न चालवलेली गाडीसुद्धा या व्याख्येत ‘थंड’ नसते. काम पहाटेचे.

धुळीचेही पाहा. लिटरला साठ किलोमीटर देणारे इंजिन किलोमीटरमागे सुमारे दीडशे लिटर हवा ओढते. ५० हजारांत ७५ लाख लिटर. शहर स्वच्छतेत २०१७ पासून देशात पहिले म्हणून मिरवत असले, तरी एअर फिल्टर उघडला की बायपासची काळी माती दिसतेच. ती फिल्टरमधून निसटली की व्हॉल्व्हच्या पाच मिलिमीटरच्या दांड्याला आणि तो ज्यातून सरकतो त्या नळीला, म्हणजे गाईडला, घासते. गाईड ढिला झाला की व्हॉल्व्ह तिरका बसतो. मग सीट कितीही कापा, गळती राहते. म्हणून आधी गाईड, मग सीट आणि शेवटी लॅपिंग, म्हणजे खरखरीत पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासणे, हा क्रम मोडू नये.

लॅपिंग झाल्यावर पोर्टमध्ये पेट्रोल ओतून थांबतात. चेंबरच्या बाजूला ओल आली नाही तर बसले. त्यानंतर पेस्ट पूर्ण धुवावी. त्या पेस्टचे बारीक कणसुद्धा मिलिमीटरच्या दोन-चार शतांशांचे असतात, कॅमवरचा तेलाचा थर त्यांच्या तुलनेत पातळ कागदही नाही. फडक्याने नुसते पुसून हेड चढवले, तर ते कण पहिल्या किकेलाच तेलात उतरतात आणि नव्या कॅमवर जाऊन बसतात.