प्रिंट जाते तरी कुठे?

सबमिशनचा आठवडा आला की होस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "अबे, प्रिंट जाऊनच नाही राहिली!" त्यावर बाजूच्या रूममधून येणारा सल्लाही ठरलेला : "पुन्हा देऊन पाय ना." मग पुन्हा दिली जाते. आणखी एकदा दिली जाते. अर्ध्या तासाने लॅबमधला प्रिंटर अचानक जागा होतो आणि एकाच सर्टिफिकेट पेजच्या अकरा प्रती बाहेर टाकतो. त्याही नेमक्या एखाद्या मॅडम आपलं काम घेऊन तिथे उभ्या असताना.

मित्रांनो, प्रिंट जातच नाही असं फार क्वचित होतं. ती जाते, पण वाटेत कुठेतरी बसून राहते. ती कुठे बसली हे ओळखता आलं तर निम्मं काम झालं, म्हणून हा लेखप्रपंच. यात कॉम्प्युटर ब्रँचवाल्यांना माहीत असलेलं बरंच काही येईल, त्यांनी सांभाळून घ्यावं. मेकॅनिकल, सिव्हिल आणि टेक्स्टाइलच्या मंडळींसाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितो आहे.

प्रिंटचं बटण दाबलं की फाइल लगेच प्रिंटरकडे धावत नाही. आधी ती ड्रायव्हर नावाच्या दुभाष्याच्या हाती जाते. आपलं पान प्रिंटरला समजेल अशा भाषेत उतरवणं हे त्याचं काम. मग स्पूलर ते काम हार्डडिस्कवर लिहून ठेवतो आणि रांगेत लावतो. यवतमाळच्या स्टँडवर एसटी लागेपर्यंत आपण जसे थांबतो तसंच. गाडी लागली नाही म्हणून तुम्ही अकरा वेळा तिकीट काढलं तर गाडी लवकर येत नाही, अकरा तिकिटं मात्र होतात. तेव्हा पहिला नियम : प्रिंट आली नाही तर दुसऱ्यांदा बटण दाबायच्या आधी रांग उघडून बघा. खाली घड्याळाजवळ प्रिंटरचं छोटं चित्र दिसतं, त्यावर डबल क्लिक केलं की रांग समोर येते.

आता महत्त्वाचा प्रश्न : ही रांग कुणाच्या कॉम्प्युटरवर आहे? कॅम्पसवरचे सामाईक प्रिंटर दोन जातीचे असतात, आणि सगळा घोळ हा फरक न ओळखल्यामुळे होतो.

पहिली जात म्हणजे यूएसबीने एका पीसीला बांधलेला प्रिंटर. एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० ही आपल्याकडची सगळ्यात ओळखीची तोंडं. झेरॉक्सच्या दुकानात हेच, ऑफिसात हेच आणि लॅबमध्येही हेच. त्यांना नेटवर्कचं सॉकेटच नाही, म्हणजे स्वतःचा पत्ता नाही. शिवाय त्यांचं डोकंही उसनं असतं. पानावर कुठे ठिपका द्यायचा आणि कुठे नाही, याचं गणित मुख्यतः कॉम्प्युटर करतो. ६०० डीपीआयला ए-४ पानावर ४,९६० गुणिले ७,०१६, म्हणजे जवळपास साडेतीन कोटी ठिपके होतात. एका ठिपक्याला एक बिट धरलं तरी पानाला चार एमबीच्या वर जागा लागते. ड्रायव्हर ती दाबून लहान करतो हे खरं, पण ऐंशी पानांचा फोटोंनी भरलेला रिपोर्ट वायफायवरून का रेंगाळतो, हे यावरून ध्यानात यावं. १०२० ची तर आणखी एक गंमत आहे. बंद करून पुन्हा चालू केला की तो स्वतःचं फर्मवेअरही विसरतो. ते दर वेळी पीसीने त्याला पाठवावं लागतं.

असा प्रिंटर शेअर केलेला असेल तर खरी रांग त्या लॅबच्या पीसीवर लागते. तो पीसी बंद असेल किंवा झोपला असेल, तर तुमची प्रिंट तुमच्याच लॅपटॉपवर ताटकळते. संध्याकाळी लॅबला कुलूप लागताना भाऊ सगळे पीसी बंद करतात. त्यात त्यांची काहीच चूक नाही. 'हा पीसी प्रिंटरचा आहे, बंद करू नये' अशी चिठ्ठी मॉनिटरवर चिकटवली आणि पॉवर सेटिंगमधली झोप बंद केली, तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील. जोडणी सोपी आहे. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, दोन बॅकस्लॅश देऊन त्या पीसीचं नाव टाका आणि एंटर करा. शेअर केलेले प्रिंटर दिसतील. हव्या त्या प्रिंटरवर राइट क्लिक करून 'कनेक्ट' करा.

दुसरी जात म्हणजे ज्याच्या पाठीत लॅनची केबल जाते तो प्रिंटर. त्याला स्वतःचा आयपी पत्ता असतो आणि मधल्या पीसीची गरज नसते. पत्ता शोधायला मेनूतून कॉन्फिगरेशन पेज छापायचं, त्यावर तो असतो. बहुधा १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होणारा. खासगी नेटवर्कसाठी हे पत्ते राखून ठेवणारा आरएफसी १९१८ हा नियम १९९६ चा. यवतमाळचं जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालयही त्याच वर्षीचं. पुसदचं बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी १९८३ मध्ये सुरू झालं, तेव्हा तर एचपीचा पहिला लेझरजेट बाजारात यायला अजून एक वर्ष होतं. आज जे आपण गृहीत धरून चिडतो, ते सगळं आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या डोळ्यांदेखत आलेलं आहे.

पत्ता मिळाला की आधी कमांड प्रॉम्प्टवर त्याला पिंग करा. उत्तर आलं म्हणजे रस्ता मोकळा आहे. मग सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स उघडून 'अॅड' म्हणा. विंडोज आपल्या परीने शोधून काहीतरी दाखवेल, पण तिथे थांबू नका. मॅन्युअली जोडायचा पर्याय घ्या, आयपी पत्त्याने प्रिंटर जोडा, टीसीपी/आयपी डिव्हाइस निवडा आणि पत्ता टाका. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? विंडोज स्वतःहून जोडताना पुष्कळदा डब्ल्यूएसडी नावाचा पोर्ट धरतो, आणि तो अधूनमधून रुसून बसतो. प्रिंटर समोर चालू आणि स्क्रीनवर 'ऑफलाइन', असा अनुभव अनेकांना आहे. टीसीपी/आयपी पोर्ट त्यामानाने भरवशाचा. तिथेही खोटं 'ऑफलाइन' दिसलं तर पोर्टच्या कॉन्फिगरेशनमधली एसएनएमपी स्टेटसची टिक काढून बघा. प्रिंटर त्या चौकशीला उत्तर देत नसेल तर विंडोज त्याला मेलेला समजतो, आणि प्रिंटर बिचारा कागद घेऊन तयार असतो.

लिनक्सवाल्यांनी हसू नये. तुमच्याकडे हेच काम कप्स करतो, १९९९ पासून. पोर्ट ९१०० किंवा आयपीपीचा ६३१, एवढं सांगितलं की तुमचं काम भागतं. फक्त वर सांगितलेल्या यूएसबीवाल्यांसाठी ड्रायव्हर शोधायची वणवण तुमच्याही नशिबी आहेच.

आता लाइट. आपल्याकडे लाइट जाणं ही बातमी नाही, पण प्रिंटरच्या बाबतीत तिचा परिणाम उशिरा दिसतो. प्रिंटरला पत्ता डीएचसीपीने मिळत असेल, तर तो भाड्याच्या खोलीसारखा असतो. लाइट गेली, राउटरही बंद पडला, सगळं पुन्हा चालू झालं, की कालचा ५० नंबर आज ६३ झालेला असू शकतो. तुमचा लॅपटॉप मात्र अजून ५० चंच दार ठोठावत असतो. उपाय नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांच्या हातात आहे : प्रिंटरचा मॅक पत्ता राउटरवर नोंदवून त्याला कायमचा आयपी राखून द्यायचा. पाच मिनिटांचं काम आहे आणि वर्षभर पुरतं. नंतर तो पत्ता प्रिंटरवर लेबल लावून लिहून ठेवला तर फारच उत्तम. आणि एक, लेझर प्रिंटर पीसीच्या छोट्या यूपीएसवर कधीच लावू नये. त्याचा फ्यूजर तापताना एकदम भरपूर करंट ओढतो. यूपीएस बसतो आणि सोबत सगळ्यांचे पीसीही.

होस्टेलच्या रूममधून डिपार्टमेंटचा प्रिंटर 'दिसत नाही', ही तक्रार मात्र वेगळी. होस्टेलचं वायफाय आणि लॅबचं लॅन बहुतेक ठिकाणी वेगळ्या सबनेटमध्ये असतात. प्रिंटर 'शोधणारी' हाक राउटर ओलांडून पलीकडे जात नाही, म्हणून यादी रिकामी येते. याचा अर्थ रस्ता नाहीच असं नव्हे. पूर्ण आयपी टाकून बघा, परवानगी असेल तर जोडला जाईल. नसेल तर ती फायरवॉलवर मुद्दाम बंद केलेली असते, आणि तसं करण्याला कारणही आहे.

ते कारण २०२१ मध्ये सगळ्या जगाला कळलं. त्या जुलैत विंडोजच्या स्पूलरमधलं 'प्रिंटनाइटमेअर' नावाचं भोक उघडकीला आलं. साध्या युजर लॉगिनवरून स्पूलरमार्फत अख्ख्या मशीनचा ताबा घेता येत होता. मायक्रोसॉफ्टने ते बुजवलं आणि ऑगस्टपासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड सक्तीचा झाला. सप्टेंबरमध्ये आणखी एक बंधन आलं : प्रिंटर शेअर करणाऱ्या पीसीशी सुरक्षित पद्धतीनेच बोलायचं. ज्या दोन पीसींचे अपडेट जुळत नव्हते, तिथे '११बी' ने संपणारा तो कुप्रसिद्ध एरर यायला लागला. तेव्हापासून एक जुगाड हातोहात फिरतो. रजिस्ट्रीत एक शून्य टाकायचं, की प्रिंट सुरू! सुरू होते, नाही असं नाही. पण ते शून्य म्हणजे बुजवलेलं भोक आपल्या हाताने पुन्हा उघडणं आहे, तेही ज्या पीसीवर सगळं डिपार्टमेंट पेनड्राइव्ह लावतं त्याच्यावर. त्यात विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. आपलं मत स्पष्ट आहे : दोन्ही पीसी अपडेट करा, आणि प्रिंटरला लॅन असेल तर मधला पीसी काढून टाकून थेट आयपीने जोडा. सबमिशनच्या एका रात्रीसाठी लॅबचं दार वर्षभर सताड उघडं ठेवणं परवडणारं नाही.

रांगेबद्दल अजून एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. विंडोजमध्ये साध्या युजरला स्वतःची प्रिंट रद्द करता येते, दुसऱ्याची नाही. हा बंदोबस्त चांगला आहे, पण लॅबमधले साठ जण एकाच सामाईक लॉगिनने बसले असतील, तर विंडोजच्या लेखी ते साठही एकच माणूस. मग ज्याला घाई तो पुढच्याची प्रिंट उडवतो आणि रात्री अकराला भांडण लागतं. वेगळे लॉगिन दिले तर हे आपोआप थांबतं. आणि रांगेत फाइलचं नाव सगळ्यांना दिसतं बरं का! नाव देताना तेवढं भान ठेवा. ट्रेमध्ये पडलेले दुसऱ्याचे कागद, मग ती मार्कलिस्ट असो की कुणाची पगाराची स्लिप, उलटे करून बाजूला ठेवावेत.

रांग खरोखरच अडकली, डिलीट म्हटलं तरी 'डिलीटिंग' म्हणत बसली, तर अॅडमिनिस्ट्रेटर लॉगिनने सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवा, विंडोजच्या सिस्टिम ३२ फोल्डरातल्या स्पूल, त्यातल्या प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली उडवा आणि स्पूलर पुन्हा चालू करा. यात सगळ्यांचीच रांग जाते, त्यामुळे आधी हॉलमध्ये एकदा ओरडून सांगा. हे ओरडणं कमीपणाचं नाही. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या एआय लॅबमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांना नेमकं हेच प्रिंटरने करायला हवं होतं. कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना निरोप जावा, अशी सोय त्यांनी आधीच्या प्रिंटरला केली होती. झेरॉक्सच्या नव्या लेझर प्रिंटरचा सोर्स कोड मात्र त्यांना मिळाला नाही. तो सल त्यांच्या मनात राहिला आणि १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. प्रिंटरवरचा राग असाही सत्कारणी लागू शकतो!

कागदाचं थोडक्यात. प्रिंट रांगेतून गेली, प्रिंटरचा दिवा मात्र लुकलुकतो आणि पान येत नाही, तर फाइलचा पेपर साइझ बघा. वर्डमध्ये तो 'लेटर' राहून गेलेला असतो. लेटर २१६ गुणिले २७९ मिलिमीटर, आपला ए-४ २१० गुणिले २९७. प्रिंटर अमेरिकेच्या कागदाची वाट बघत उभा असतो. आणि पावसाळ्यात रिम उघडी टाकू नका, दमट कागद हमखास अडकतो.

शेवटी आपल्या मराठी विभागाला रोज नडणारी गोष्ट. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेलं पान दुसऱ्या पीसीवर उघडलं की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, आणि दोष प्रिंटरला दिला जातो. त्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, वर फक्त मराठी आकार चढवलेला असतो. ज्या पीसीवर तो फॉन्ट नाही, तिथे मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये टाइप केलं तर अक्षर निदान अक्षर राहतं, पण फॉन्ट बदलला की ओळी सरकतात आणि अनुक्रमणिकेतले पान नंबर चुकतात. म्हणून वर्डची फाइल घेऊन प्रिंटरपाशी जाऊच नका. ज्या पीसीवर टाइप केलं तिथेच पीडीएफ करा, अॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडा, प्रॉपर्टीजमधला फॉन्ट्स हा भाग बघा. प्रत्येक फॉन्टच्या नावापुढे 'एम्बेडेड' लिहिलेलं असलं की ती फाइल लॅबला न्या, नाहीतर दत्त चौकातल्या दुकानात, मराठी मराठीच छापून येईल.