पाणी किती, कधी आणि कुठे

स्वतःचं घर बांधायला काढलं की सल्ल्यांची कमी पडत नाही. सिमेंट कोणतं घ्यावं, लोखंड कोणत्या कंपनीचं, टाइल कुठे स्वस्त मिळतील, हे सांगायला गल्लीतला प्रत्येक जण तयार असतो. मालाची निवड महत्त्वाची आहेच. पण उत्तम माल आणूनही स्लॅब गळतात, भिंती तडकतात, आणि काही वर्षांत बाथरूमखालच्या छताचे पोपडे पडून सळई उघडी पडते. अशा घरांची कारणं शोधत गेलं की बहुतेक ठिकाणी पाण्यापाशीच येऊन थांबावं लागतं. कुठे ते काँक्रीट कालवताना जास्त पडलेलं असतं, कुठे नंतर पुरेसं मारलेलं नसतं, कुठे नको तिथे मुरलेलं असतं. कॉलमची मापं आणि सळईचा हिशोब स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. त्याची फी वाचवायला जाऊ नका. पाण्यावर मात्र घरमालक स्वतः नजर ठेवू शकतो, आणि ती ठेवायला कोणतीही पदवी लागत नाही.

सुरुवात जमिनीपासून. मराठवाडा, विदर्भ आणि सोलापूर-नगरच्या बऱ्याच भागात काळी जमीन आहे. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी शोषून फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. मे महिन्यात शेतात पडणाऱ्या रुंद भेगा त्याच्यामुळेच. अशा मातीवर पाया टेकवला आणि चेंबरच्या गळतीने किंवा गच्चीच्या पाइपमधून पडणाऱ्या पाण्याने घराचा एकच कोपरा ओला होत राहिला, तर तेवढा कोपरा उचलला जातो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. म्हणून फूटिंगचे खड्डे काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत जायला हवेत. माती फारच खोल असेल तर इंजिनिअर अंडर-रीम्ड पाइलसारखा वेगळा पाया सुचवेल. एवढं मात्र नक्की करा : इंजिनिअरने खड्ड्याचा तळ स्वतः पाहिल्याशिवाय पीसीसी टाकू देऊ नका.

खोदाईत निघालेली काळी माती समोरच पडलेली असते, म्हणून जोत्यात तीच परत भरण्याचा मोह होतो. तसं होऊ देऊ नका. जोत्यात मुरूमच भरावा, तोही एकदम ओतून नव्हे. साधारण सहा ते आठ इंचांचा थर पसरायचा, पाणी मारायचं, धुमसाने किंवा कॉम्पॅक्टरने ठोकायचा आणि मग पुढचा थर. इथे घाई झाली की दोन पावसाळ्यांनंतर हॉलमधली फरशी मध्येच खचते, आणि तोवर ठेकेदाराचा हिशोब मिटलेला असतो.

बांधकामाला पाणी कोणतं वापरायचं? साधा नियम असा की पिण्याजोगं पाणी चालतं. कोकणात खाडीलगतच्या विहिरी आणि बोअर खारे असू शकतात. आरसीसीसाठीच्या पाण्यात क्लोराइडचं प्रमाण लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं आयएस 456 : 2000 हे भारतीय मानक सांगतं. क्लोराइड सळई गंजवतं, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. चवीला मचूळ लागणारं पाणी आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. माझा आग्रह आणखी एका गोष्टीचा आहे. घरासाठी जमिनीखाली हौद बांधायचाच असेल, तर तो सगळ्यात आधी बांधा. आपल्याकडे बांधकामं जानेवारी ते मे या महिन्यांत रंगात येतात आणि टंचाईही तेव्हाच असते. साठवलेलं पाणी हाताशी असलं की पुढची निम्मी भांडणं होत नाहीत.

आता काँक्रीट. सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया होऊन काँक्रीट घट्ट होतं. या क्रियेला सिमेंटच्या वजनाच्या पावपटीच्या आसपास पाणी लागतं. वरचं पाणी फक्त मिश्रण हलतं-पसरतं राहावं म्हणून घालतात. ते पुढे उडून जातं आणि जाताना आत बारीक छिद्रांचं जाळं सोडतं. ताकद घटते ती या छिद्रांमुळे, आणि उद्या गच्चीवरचं पाणी झिरपतं तेही त्यांच्याच वाटेने. एम-20 या प्रतीच्या काँक्रीटसाठी (एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी) मानकाने 50 किलोच्या गोणीमागे जास्तीत जास्त 30 लिटर पाण्याची मर्यादा घातली आहे. इंजिनिअरने मिक्स डिझाइन करून दिलं असेल तर हा आकडा अनेकदा 22 ते 25 लिटरपर्यंत खाली येतो.

वाळूतलं पाणीही याच हिशोबात धरायचं असतं, आणि ते सहसा कोणी धरत नाही. एका गोणीला दीड भाग वाळू म्हणजे साधारण 80 किलो. वाळू किंवा क्रश सँड थोडी दमट असली, तिच्यात वजनाच्या चार-पाच टक्के ओल असली, तरी तीन-चार लिटर पाणी तिच्यातूनच आलेलं असतं. रात्री पाऊस झाला असेल तर आणखी. शिवाय दमट वाळू फुगते, त्यामुळे फरम्याने मापताना प्रत्यक्षात वाळू कमी पडते. वाळूचा ढीग ताडपत्रीखाली असला की हे दोन्ही प्रश्न बरेचसे आटोक्यात राहतात.

स्लॅबच्या दिवशी तुमची जागा मिक्सरपाशी. तिथे पाणी घालणारा माणूस बघा. बहुतेकदा त्याच्या हातात पाइप असतो आणि तो अंदाजाने पाणी सोडतो. घमेल्यांची साखळी चालवणाऱ्यांना पातळ माल सोपा जातो, पसरणाऱ्यालाही सोपा जातो, म्हणून दुपार होऊ लागते तसा माल पातळ होत जातो. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. उन्हात शेकडो घमेली उचलणाऱ्या माणसाने हलकं काम शोधणं स्वाभाविकच आहे. उपाय आदल्या दिवशीच करून ठेवायचा. दोन बादल्या घ्या, मापून 12 लिटर पाणी घाला आणि त्या पातळीवर पेंटने रेघ मारा. एका गोणीच्या फेऱ्याला या दोन बादल्या. इंजिनिअरने ठरवून दिलेलं थोडं वरचं पाणी लागलंच तर मगाने, आणि तेही सुपरवायझरला विचारून. माल फिरायला जड जात असेल तर पाणी वाढवण्याऐवजी प्लास्टिसायझर वापरा. किती वापरायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. व्हायब्रेटर दोन आणून ठेवा. एक हमखास बंद पडतो.

पाणी जास्त झालंय हे डोळ्यांनीही ओळखता येतं. घमेल्यातून ओतलेला ढीग थोडा बसावा, पण ढीगच राहावा. त्यातून दुधाळ पाणी निघून वाहू लागलं आणि खडी मागे उघडी पडली, तर ते दुधाळ पाणी म्हणजे तुमचं सिमेंट आहे आणि ते सेंटरिंगच्या प्लेटांच्या फटींतून खाली गळतंय. मग स्लॅबवर पाणी तरंगतं, आणि ते शोषून घ्यायला कोणीतरी कोरडं सिमेंट भुरभुरून त्यावर रंधा फिरवतो. हे तिथल्या तिथे थांबवा. त्या सिमेंटचा वर पातळ, कच्चा पापुद्रा तयार होतो आणि पुढे तोच सुटतो.

सळईबद्दलही इथेच सांगतो, कारण ती बिघडते याच दिवशी. गॅलरी आणि छज्जा एका बाजूनेच धरलेले असतात, म्हणून त्यांची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. माल टाकताना माणसं तिच्यावरून चालतात, सळई दबून खाली जाते आणि गॅलरीचा आधारच जातो. खाली लोखंडी खुर्च्या हव्यात आणि चालायला वर फळ्या टाकलेल्या हव्यात. सळईखाली खडीचे तुकडे सरकवू न देता काँक्रीटचे कव्हर ब्लॉक लावून घ्या : स्लॅबला किमान 20 मिलिमीटर, कॉलमला 40. तेवढं काँक्रीट सळईपर्यंत ओल पोचू देत नाही.

इतका वेळ पाणी आवरायचं होतं. काँक्रीट घट्ट झालं की ते सढळ हाताने द्यायचं. काँक्रीट वाळून मजबूत होतं, असा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. आतली क्रिया ओल असेपर्यंतच चालते. गोणीवर काय छापलंय ते वाचा. ओपीसी असेल तर किमान सात दिवस क्युरिंग. हल्ली घरांसाठी बहुधा पीपीसी येतं, त्यात फ्लाय अॅश असते आणि ते सावकाश ताकद धरतं, म्हणून किमान दहा दिवस. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत ओपीसीलाही दहा आणि पीपीसीला चौदा दिवस द्यावेत. विदर्भातल्या मे महिन्यात तर स्लॅब टाकल्यावर काही तासांतच वरच्या थरात भेगा येऊ शकतात. तिथे पहाटे काम सुरू करावं आणि फिनिशिंग झालेला भाग लगेच प्लास्टिकने झाकत जावा.

स्लॅबवर सिमेंट-वाळूची आळी करून पाणी साठवतात. 1000 चौरस फुटांच्या स्लॅबवर दोन इंच पाणी म्हणजे साधारण पावणेपाच हजार लिटर, आणि उडून जाणारं पाणी रोज भरावं लागतं. टंचाईच्या गावात हे ऐकून छातीत धस्स होतं, हे मला ठाऊक आहे. पण स्लॅबवर झालेल्या एकूण खर्चापुढे टँकरचे पैसे फार नाहीत, आणि अंगावरचं पाणी धरून ठेवणारी गोणपाटं पसरली तर ते कमीही लागतं. कॉलमचे हाल सगळ्यात जास्त होतात. त्यांच्यावर पाणी साठत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवला की काम झालं असं मानतात. तासाभरात कॉलम कोरडा पडतो, आणि घराचं सगळं ओझं तर तोच वाहणार असतो. प्लेटा काढल्या काढल्या कॉलमला गोणपाट गुंडाळा, सुतळीने बांधा आणि ते सतत ओलं ठेवा.

सेंटरिंग भाड्याचं असतं, त्यामुळे ठेकेदाराला ते लवकर काढायचं असतं. मानकाप्रमाणे ओपीसी वापरलेल्या साडेचार मीटरपर्यंत गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस, आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा दिवस ठेवायचे असतात. पीपीसी असेल तर मुदत इंजिनिअरकडून वाढवून घ्या. हे सगळं कामाआधीच्या करारात लिहून ठेवा : क्युरिंगचा माणूस कोणाचा, पाणी कोणाचं, टेकू केव्हा काढायचे. स्लॅबच्या हप्त्यातली काही रक्कम क्युरिंगचे दिवस पूर्ण झाल्यावरच द्यायची, असंही त्यात असू द्या. स्लॅबच्या मालाचे 150 मिलिमीटरचे क्यूब भरून सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तपासून घेतले तर वाद उरत नाही.

वीट पाण्यात भिजवूनच लावावी, नाहीतर ती मसाल्यातलं पाणी ओढून घेते. एएसी ब्लॉकवर मात्र फक्त पाणी शिंपडतात. कॉलम आणि भिंत जिथे मिळतात तिथे प्लास्टरआधी चिकन मेश लावा.

शेवटी, जे पाणी घरात शिरता कामा नये त्याची व्यवस्था. पाइप कुठून जाणार हे स्लॅबआधी ठरवा आणि तिथे स्लीव्ह सोडा. नंतर छिन्नीने पाडलेलं भोक कितीही बुजवलं तरी त्याच्या कडेने पाणी वाट काढतंच. बाथरूमच्या सन्कमध्ये वॉटरप्रूफिंग झालं की टाइल बसवण्याआधी दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालचं छत बघा. गच्चीला किमान शंभरात एक उतार हवा, म्हणजे आठ फुटांमागे साधारण एक इंच. गच्ची आणि कठड्याच्या कोपऱ्यात गोलसर वाटा करून घ्या. पाण्याचे पाइप दोन तरी ठेवा. पानांनी एक तुंबला तर दुसरा चालू राहतो. छज्ज्याच्या खालच्या कडेला खाच असली की पाणी तिथेच सुटतं, भिंतीकडे ओघळत नाही. घराभोवती दोन-तीन फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतरती फरसबंदी करा. काळ्या जमिनीत तर ती हवीच, कारण पायाजवळ पाणी मुरू न देणं हाच तिथला मुख्य बचाव आहे.

आतला पक्का रंग शक्य असेल तर पहिला पावसाळा गेल्यावर द्या. तोवर नुसत्या प्रायमरवर राहता येतं. पावसात प्रत्येक खोलीत फिरून ओल दिसेल तिथे पेन्सिलने तारखेसह खूण करा. दसऱ्यानंतर भिंती वाळल्या की त्या खुणांवरून दुरुस्ती कुठून सुरू करायची ते मिस्त्रीला नेमकं दाखवता येतं.