माळ घातली की ताट बदलतं

डेबूजी झिंगराजी जाणोरकर या परीट समाजातल्या तरुणाच्या घरी मुलीचं बारसं होतं. अशा वेळी भाऊबंदांना मटण आणि दारू द्यायची, ही रीत. डेबूजीने दोन्हींना फाटा दिला आणि पंगतीला गोडधोड वाढलं. पुढे १९०५ साली तो घराबाहेर पडला आणि महाराष्ट्राचा गाडगेबाबा झाला.

या बारशामागे कुठली पोथी नव्हती. डेबूजीचे वडील दारूपायी लवकर गेले. दापुऱ्याला मामाच्या घरी गुरं राखत, नांगर हाकत तो वाढला आणि मामाची जमीन सावकाराच्या घशात जातानाही त्याने पाहिली. गरिबाच्या घरात बोकड एकटा येत नसे. नवस फेडायचा तर बोकड हवा, त्यासोबत बाटली हवी, सगळं गाव जेवायला हवं, आणि त्यासाठी उसनवारी करावी लागे. जत्रा दोन दिवसांत उठे, व्याज मात्र वर्षानुवर्षं चाले. म्हणूनच गाडगेबाबांच्या कीर्तनात कर्ज काढू नका, दारू पिऊ नका आणि देवापुढे मुकं जनावर कापू नका, हे सांगणं एका दमात येई. भुकेल्याला अन्न द्या म्हणणाऱ्या या माणसाने पशुपक्ष्यांना अभय देणं हेही धर्माचंच काम मानलं. दया आणि घरखर्चाचा हिशेब त्यांनी कधी वेगळे केले नाहीत, आणि शाकाहाराची याहून सच्ची मांडणी मराठी मुलखात क्वचितच झाली असेल.

वारकऱ्यांची माळ याच मातीतली. ज्ञानेश्वरीवर ठेवलेली तुळशीची माळ एखाद्या जाणत्या वारकऱ्याच्या हातून गळ्यात पडते आणि तिच्यासोबत नियम येतात: मांस-मद्य वर्ज्य, एकादशीचा उपास, रोज हरिपाठ, पंढरीची वारी. माळ घालणारे बहुतेक जण मराठा, धनगर, माळी, कुणबी अशा घरांतले असतात. तिथे रविवारी रस्सा शिजतो, आखाडात जावयाला बोलावून मटण होतं. तरीही चाळिशीतला एखादा गडी ठरवून ते सोडतो. कुणी दारू सुटावी म्हणून माळ घालतो, कारण पिणं आणि खाणं एकाच बैठकीत होतं आणि एक तुटलं की दुसरंही सुटतं. कुणी बापाच्या माघारी त्याची वारी चालू राहावी म्हणून घालतो. कुणाला पाळलेल्या शेरडावर सुरी चालवणं एके दिवशी नकोसं होतं.

जन्माने शाकाहारी असणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही. म्हणून त्याने शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडू नये. देशात आजही मांसाहार करणारेच अधिक आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी सुमारे ८३ टक्के, तर स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के जण कमी-अधिक प्रमाणात मासे, मांस किंवा कोंबडी खाणारे निघाले. स्त्री-पुरुषांमधलं हे अंतर विचार करायला लावणारं आहे. स्वतः न खाणारी बाई घरच्यांसाठी मटणाचं वाटण वाटते, हे आपल्याकडे नवं नाही. काही माळकरी घरांत मग मटणाची चूल अंगणात जाते आणि भांडीही वेगळी राहतात.

श्रावण महिन्यापुरतं मांस-मासे सोडणारे तर लाखोंनी आहेत. मासे धरणाऱ्यांनाही असा विराम ठाऊक आहे. कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. माशांच्या विणीचा हा काळ, आणि समुद्रही खवळलेला. नारळी पौर्णिमेला कोळी नारळ अर्पण करून दर्याची पूजा करतात. काही काळ हात आखडता घेण्याची समज तिथेही आहे.

शरीराचं काय, हा प्रश्न माळकऱ्याला घरचेच आधी विचारतात. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळींत ते भरपूर. त्यामुळे भाकरीसोबत पिठलं, आमटी किंवा मटकीची उसळ असेल तर प्रथिनांची बाजू बरीच सावरते. अडतं ते ब-१२ जीवनसत्त्वापाशी. पालेभाजीत ते नाही, डाळीतही नाही. माळकऱ्याला ते मिळतं दूध, दही, ताकातून. पण घरचं सगळं दूध डेअरीला जात असेल, तर ताटात उरतं काय? थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, आणि माणूस वयाला दोष देत बसतो. अशा वेळी रक्त तपासावं आणि डॉक्टर म्हणतील तर गोळ्या किंवा इंजेक्शन घ्यावं. त्याने नेम मोडत नाही.