चेक परत आला? तारखा सांभाळा, कोऱ्या चेकवर सही टाळा

"चेक दिलाय ना, मग पैसे आलेच समजा," असे आपल्या वस्त्यांतून नेहमी ऐकू येते. टिटवाळ्यात खोलीचे डिपॉझिट परत करताना, ठेकेदाराने मजुरी चुकती करताना, हातउसने फेडताना चेक हाती पडतो. तो वटला नाही तर काय करावे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

१८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यात पुढे कलम १३८ घालण्यात आले. १ एप्रिल १९८९ पासून देणे फेडण्यासाठी दिलेला चेक खात्यात पैसे नाहीत म्हणून परत येणे, हा गुन्हा ठरला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. देणगी वा भेट म्हणून दिलेल्या चेकला हे कलम लागत नाही.

हक्क आहे, पण तो तारखांना बांधलेला आहे. चेक त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरावा. परत आल्यास बँकेची चिठ्ठी जपून ठेवावी. समजा, ती ५ जूनला मिळाली. तेव्हापासून ३० दिवसांत, म्हणजे ५ जुलैपर्यंत, लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी व पावती ठेवावी. समोरच्याला ती १० जुलैला पोचली, तर २५ जुलैपर्यंत त्याला पैसे देण्याची मुदत मिळते. न दिल्यास पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करावी. "देतो, देतो" या गोड बोलण्यात महिना गेला की कायद्याचा हात सुटतो. तक्रार पोलीस चौकीत नव्हे, मॅजिस्ट्रेटपुढे करावयाची असते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आपले खाते ज्या शाखेत आहे तेथील कोर्टात ती चालते. खाते टिटवाळ्यात असेल तर चेक देणारा पुण्याचा असला तरी कल्याण कोर्टातच जावयाचे.

आता दुसरी बाजू. सावकार किंवा फायनान्सवाला कर्ज देताना सही केलेले कोरे चेक मागतो. आपला माणूस गरजेपोटी देतो. सही आपली आहे हे मान्य झाले की चेक देण्यापोटीच दिला, असे कोर्ट आधी धरून चालते. तसे नव्हते हे आपणच दाखवावे लागते. रक्कम दुसऱ्याने भरली एवढे सांगून सुटका होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे. तेव्हा चेकवर नाव, रक्कम, तारीख लिहूनच सही करावी. दिलेल्या चेकचे नंबर वहीत टिपावेत आणि कर्ज फिटले की उरलेले चेक परत मागून घ्यावेत. हप्ता खात्यातून परस्पर कापला जात असेल तर तोही न वटल्यास २००७ च्या कायद्याने तशीच शिक्षा आहे. शिवाय बँकेचा दंड वेगळा. म्हणून हप्त्याच्या आदल्या दिवशी शिल्लक पाहावी.

वकिलाच्या फीची धास्ती बाळगू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीस व कोणत्याही महिलेस उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्धही अनुसूचित जातीत धरले जातात. जातीचा दाखला, चेक, बँकेची चिठ्ठी घेऊन कोर्टातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. घामाचा पैसा आहे. तो कागदाच्या अज्ञानापायी बुडू देऊ नका.