पोटातलं भांडण कोण सोडवतं?

बालमित्रांनो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे आपल्या शरीराचे सैनिक, असं तुम्ही शाळेत शिकलाच असाल. जंतू आले रे आले, की या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. पण मला सांगा, आपल्या मोठ्या आतड्यात तर अब्जावधी जंतू कायमचे मुक्कामाला असतात. मग तिथे रोज लढाई का होत नाही?

विचारात पडलात ना? काही जणांच्या पोटात मात्र ती खरोखरच सुरू होते बरं का! आतड्याला सूज येते, आतून जखमा होतात, जुलाब थांबत नाहीत, शौचातून रक्त पडतं, वजन घटतं. 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' आणि 'क्रोन्स डिसीज' हे या आजाराचे दोन मुख्य प्रकार. बऱ्याच जणांना तो ऐन तरुणपणी गाठतो. शाळकरी मुलांनाही होतो, आणि मग त्यांची उंची खुंटू शकते. तो संसर्गाने होत नाही. शेजारी बसून किंवा एका डब्यातलं खाऊन तो लागत नाही. तेव्हा वर्गात कुणी पुन्हा पुन्हा बाहेर जायची परवानगी मागत असेल, तर खुसुखुसु हसू नका. आणि पालकांनो, मुलाच्या शौचातून रक्त पडत असेल तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, डॉक्टरांना दाखवा.

या लढाईमागचं कोडं सोडवण्यात फिओना पॉवरी या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंचा मोठा वाटा आहे. बाथ विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकून त्या ऑक्सफर्डला संशोधनासाठी आल्या. तिथे डॉन मेसन यांच्याबरोबर त्यांनी टी पेशींचा अभ्यास केला. टी पेशी हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. प्रत्येक पेशीच्या अंगावर प्रथिनांच्या खुणा असतात, शर्टावर बिल्ले असावेत तशा. एक विशिष्ट बिल्ला काही पेशींवर भरपूर होता, तर काहींवर कमी. दोघांनी या पेशींचे दोन गट वेगळे केले आणि ज्यांच्याकडे स्वतःच्या टी पेशी नव्हत्या अशा उंदरांना ते टोचले.

भरपूर बिल्लेवाला गट मिळालेले उंदीर खंगत गेले. त्यांच्या अनेक अवयवांना सूज आली. कमी बिल्लेवाल्या गटाने काहीच बिघडलं नाही. आता खरी गंमत! दोन्ही गट एकत्र टोचले, तेव्हाही उंदीर ठणठणीत राहिले. हे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे पॉवरीबाई कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला गेल्या. तिथे त्यांनी दुसऱ्या जातीच्या छोट्या उंदरांवर असाच प्रयोग केला. या वेळी सूज मुख्यतः मोठ्या आतड्यालाच आली, अगदी माणसांच्या आजारासारखी. आणि दुसऱ्या गटाने तीही रोखली! साल होतं १९९३. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आणखी एका गटानेही हेच दाखवलं.

याचा अर्थ काय? दुसरा गट म्हणजे सैनिक नव्हेतच. ते वर्गातल्या मॉनिटरसारखे. भांडण जुंपायच्या आत 'ए, गप्प बसा रे' म्हणणारे! अशा पेशी असाव्यात ही कल्पना १९७० च्या दशकात निघाली होती, पण पुरावे टिकले नाहीत आणि पुष्कळांनी तिचा नाद सोडला. अशा वेळी त्याच वाटेने जायला हिंमत लागते. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशींची ओळख पटवणारी नेमकी खूण दाखवली. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्यांना आणि मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांना या विषयासाठीच मिळालं. नोबेल एका वेळी तिघांपेक्षा जास्त जणांना वाटून देत नाहीत. नाहीतर मी आणखी एक नाव सुचवलं असतं!

ऑक्सफर्डला परतल्यावर पॉवरीबाईंच्या प्रयोगशाळेने २००३ मध्ये आणखी एक मजल मारली. आधीच आजारी पडलेल्या उंदरांना मॉनिटर पेशी दिल्या, तर सुजलेलं आतडं बरं झालं. मग प्रश्न आला, भांडण पेटवतं कोण? पांढऱ्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. त्यांतला 'इंटरल्युकिन-२३' नावाचा निरोप आतड्यात आग भडकवतो, हे त्यांच्या गटाने २००६ मध्ये उंदरांत दाखवलं. त्याच वर्षी, क्रोन्सच्या रुग्णांचा अभ्यास करणाऱ्या दुसऱ्या शास्त्रज्ञांना हा निरोप झेलणाऱ्या जनुकात फरक सापडला. उंदीर आणि माणूस, दोघांकडून एकच साक्ष! आज हा निरोप अडवणारी औषधं रुग्णांना मिळतात. फक्त हाच निरोप अडवणाऱ्या रिसँकिझुमॅब या औषधाला २०२२ मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी मान्यता मिळाली.

पण सगळ्यांना एकाच औषधाने गुण येत नाही. असं का, याचाही पॉवरीबाई आणि त्यांचे सहकारी शोध घेत होते. २०१७ मध्ये त्यांना एक धागा मिळाला. जुन्या प्रकारच्या एका औषधाला दाद न देणाऱ्या रुग्णांच्या आतड्यात 'ऑन्कोस्टॅटिन-एम' नावाचा वेगळाच निरोप जास्त प्रमाणात सापडला. म्हणजे एक दार बंद केलं, तरी भांडणाची हाक दुसऱ्या दारातून येतच होती.