विंचूदंश आणि रक्तदाबाची गोळी

बारामतीच्या जिरायत पट्ट्यातून किंवा इंदापूर तालुक्यातील एखाद्या वस्तीवरून लाल विंचू चावलेले मूल रुग्णालयात आणले जाते. थोड्याच वेळात घरची मंडळी चिठ्ठी घेऊन औषध विभागाच्या खिडकीशी येतात व विचारतात, "ही तर रक्तदाबाची गोळी. आमच्या मुलाला रक्तदाब कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे. साठावही तपासताना आम्हांलाही तो पडला होता.

गोळीचे नाव प्राझोसिन. हे औषधी द्रव्याचे मूळ नाव होय. वेष्टनावर ठळक छापलेले असते ते व्यापारी नाव. कंपनी बदलली की तेही बदलते. म्हणून चिठ्ठी पडताळताना मूळ नाव व मिलिग्रॅमचा आकडा पाहावा.

औषध रोगाचे नाव पाहून काम करीत नाही. शरीरातील पेशींवर ‘ग्राही’ नावाच्या जागा असतात व तेथे बसणारे द्रव्य पेशीला आज्ञा देते. विंचवाच्या विषामुळे ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये अतोनात स्रवतात, रक्तवाहिन्यांवरील ‘अल्फा’ ग्राहींवर बसतात आणि वाहिन्या आवळतात. उलट्या होतात, घाम फुटतो, हातपाय गार पडतात, हृदय थकते व फुप्फुसांत पाणी भरते. प्राझोसिन त्याच जागा अडवून धरते; अशा औषधास ‘प्रतिरोधक’ म्हणतात. प्रतिविष लस निराळी; ती रक्तात फिरणाऱ्या विषालाच निकामी करते.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरील या उपचाराचा अनुभव १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. त्यापूर्वी हृदयावर परिणाम झालेल्या रुग्णांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत. नंतर हे प्रमाण पाचच्याही खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

"एकदा दिली ना गोळी, मग पुन्हा कशाला?" याचे उत्तर ‘अर्धायुकाल’ या संज्ञेत आहे. रक्तातील औषध निम्मे होण्यास लागणारा तो काळ. प्राझोसिनचा तो दोन ते तीन तासांचा. म्हणजे सहा तासांनी जेमतेम चतुर्थांश उरते. यंत्राचा घसारा घटत्या शिलकीवर धरतात, तसाच हा हिशेब. म्हणून हातपाय ऊबदार होईपर्यंत दर तीन तासांनी मात्रा द्यावी लागते.

मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. पहिल्या मात्रेनंतर उभे राहिल्यास रक्तदाब एकदम कोसळू शकतो. मूल रडले की आई त्याला उचलून खांद्यावर घेऊ पाहते आणि परिचारिका तिला अडवते. त्या क्षणी परिचारिका कठोर वाटते, परंतु मुलाला आडवेच ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे.

ही गोळी वेदनाशामक नाही. नुसती आग होत असेल, तर तिचा उपयोग नाही. घरी ठेवून परस्पर देणे तर धोक्याचेच. गोळी स्वस्त आहे. आमच्या खर्चाच्या पत्रकात मोठा दिसतो तो रात्रभर नाडी व रक्तदाब पाहणाऱ्या माणसांचा खर्च.